हेलिकॉप्टरचा दोर

हेलिकॉप्टर दिसायच्या आधीच शिल्पाने ते आवाजावरून ओळखलं. आठ वर्षं ती बेंगळुरूत त्याच आवाजात वावरली होती.

"आपलंच हाय, दादा," ती म्हणाली.

बालाजीने वर पाहिलं. बायकोचं, रेणुकाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पहाटे मन्याड नदीचं पाणी घरात शिरलं. ज्वारीचं पोतं उचलताना रेणुकाला साप चावला. तिघं कसेबसे स्लॅबवर आले. कंधारच्या दवाखान्याकडचा रस्ता पाण्याखाली होता. बालाजीने तहसीलला फोन लावला. हेलिकॉप्टर पाठवतो, असं तिकडून सांगितलं आणि फोन बंद पडला. आता नऊ वाजले होते. रेणुकाच्या पापण्या उघडत नव्हत्या. जीभ जड झाली होती.

"वहिनी, दहा मिनटांत दवाखाना," शिल्पा तिच्या कानाशी म्हणाली. रेणुकाने तिचं बोट दाबलं.

शिल्पा इंजिनियर. महालक्ष्म्यांसाठी चार दिवस भावाकडे आलेली. हे हलकं हेलिकॉप्टर दोन देशांनी मिळून बनवलं होतं. इंजिन परदेशी, सांगाडा आणि जुळणी इकडची. इकडच्या लोकांत शिल्पा होती. ते पहिल्यांदा उडालं त्या दिवशी बालाजीने गावात पेढे वाटले. रेणुकाने पेपरातला फोटो कापून देवघराजवळ चिकटवला. आल्यागेल्याला ती सांगायची, हे आमच्या शिल्पाचं इमान.

ते आलं. आजूबाजूच्या माळवदांवरचे लोक उठून पदर, टॉवेल हलवू लागले. उतरायला जागाच नव्हती. एका अंगाला विजेच्या तारा, दुसऱ्या अंगाला थोरला लिंब. ते लिंबाच्या शेंड्यावर, वरच तरंगत राहिलं. दारातून एक जवान वाकला. बालाजीने रेणुकाला दोन्ही हातांवर उचलून धरलं.

"दोर सोडा," तो ओरडत राहिला. "साप डसलाय, पान लागलंय हिला. दोर सोडा."

जवानाने आपले रिकामे हात दाखवले. पायलट दोनदा खाली आला. दुसऱ्या वेळी लिंबाची एक फांदी मोडून पात्यांकडे उडाली, तसा तो घाईने वर गेला. बिस्किटाचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या स्लॅबवर पडल्या. मग हेलिकॉप्टर वळलं आणि नांदेडच्या दिशेने निघून गेलं.

बालाजीने रेणुकाला बराच वेळ खाली ठेवलं नाही.

साडेअकराला तिचा श्वास थांबला. बोट आली तेव्हा दोन वाजून गेले होते.

बोटवाल्यांनी रेणुकाला चादरीत गुंडाळून आधी खाली उतरवलं. बालाजी उठेना. तो पाण्याकडे बघत बसला होता. शिल्पा त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"एवढं मोठं इमान," बालाजी हळू आवाजात म्हणाला. "त्येच्यात साधा दोर न्हाई?"

शिल्पाने मान खाली घातली.

"त्या भाईरच्या लोकायनी काढला असंल," तोच पुढे म्हणाला. "त्यांना काय म्हाईत आपल्या नदीचं. तुझ्या हाती असतं तर तू ठिवला असता."

बोटवाल्याने खालून हाक मारली. बालाजीने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. तिलाच आधार द्यावा तसा. शिल्पाने नुसतं 'हाव' म्हणत मान डोलावली असती तरी भागलं असतं. त्याने पुन्हा कधी विचारलं नसतं.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "हिमालयात उंच जायचं, म्हणून वजन कमी करायचं होतं. दोर आन् त्येचं यंत्र जड असतंय. ते लोक दोर ठिवाच म्हणत होते. मीच काढायला लावला."