रिकामा माग

"मावशी, जरा हसा की," भटक्या म्हणाला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

मावशी हसली नाही. प्रदर्शनाच्या दालनात गारठा होता आणि तिचं नायलॉनचं स्वेटर त्याने सकाळीच काढायला लावलं होतं. ते पारंपरिक दिसत नव्हतं म्हणे.

भटक्या हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवायची वाट पाहिली नाही. बापाच्या जिवावर तो जग हिंडला. पन्नाशीत तो आधार आटला, तेव्हा त्याला एकाएकी कारागिरांचा कळवळा आला. आता हिंडायला निमित्त मिळालं आणि वर लोक त्याला समाजसेवक म्हणू लागले. जिथे जाईल तिथली प्रत्येक विणकरीण त्याची मावशी. नाव विचारायच्या भानगडीत तो पडत नसे. स्वतः मात्र नखशिखांत कारागीर दिसे: जाडाभरडा सदरा, पांढरी दाढी, आणि कशासाठी कोण जाणे, दोरीत ओवलेला मागावरचा एक जुना धोटा गळ्यात.

या मावशीला त्याने दारात उभं राहून सांगितलं होतं, "चला, तुम्हाला जग दाखवतो." ती हरखली. समुद्र बघायला चाललेय, असं शेजारणींना सांगून निघाली. इथे आल्यापासून तिने पाहिलं ते एवढंच: दालन, दालनातला माग, आणि मागच्या खोलीतले शालींचे गठ्ठे. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे होता. ती रोज विचारायची. तो रोज म्हणायचा, "बघू, उद्या." आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळी परतीची गाडी.

तिच्या शालीवरच्या नक्षीला घरी नागमोडी म्हणत. भटक्याने चिठ्ठीवर छापलं, 'लाट'. नागमोडी खपत नाही, लाट खपते, ही त्याची अक्कल.

दुपारी एक जोडपं आलं. बाईने नक्षीवरून बोट फिरवलं. "या लाटा तुम्हाला सुचतात तरी कशा हो?"

मावशीने तोंड उघडलं, पण बोलला भटक्याच. "रक्तातच आहे त्यांच्या! आणि गंमत सांगू? आमच्या मावशींनी आजवर गावाची वेस ओलांडलेली नाही. म्हणून तर कला टिकली." हे तो अशा तोऱ्यात म्हणाला, जणू ती वेस त्यानेच बांधली होती.

मावशीचं डोकं फिरलं. तिने हातातला धोटा खाली ठेवला. गठ्ठ्यामागून स्वेटर काढलं, झटकलं आणि अंगात घातलं.

"मी समुद्र बघून येते."

"आत्ता? अहो, गर्दीची वेळ आहे! माग रिकामा दिसला तर लोक निघून जातील."

"मग तुम्ही बसा की. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, मागावर बसलं की मन शांत होतं म्हणून?"

आणि ती गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भटक्या बसला. करतो काय? पाय कुठे ठेवायचा तेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याने धोटा टाकला, तो खाली पडला. पुन्हा टाकला, सूत तटकन तुटलं. मग मान खाली घालून तो गाठ मारायचं सोंग करत राहिला. इतक्या वर्षांत माणूस पहिल्यांदाच कामात असल्यासारखा दिसत होता. लोक जमू लागले.

पाठीवर भलीमोठी पिशवी अडकवलेली एक मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "काका, जरा हसा की," म्हणत तिने मोबाइल रोखला. मग मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "किती निरागस चेहरा आहे गं! यांनी कधी गावाची वेससुद्धा ओलांडली नसेल."

भटक्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. देशोदेशीचे शिक्के मारलेला पासपोर्ट त्याच्या खिशातच होता. हात तिकडे गेलाही. तेवढ्यात मुलीच्या खांद्यावर निवडून ठेवलेल्या शाली त्याला दिसल्या. चांगल्या तीन होत्या.

"नाही गं पोरी, कधीच नाही," तो म्हणाला, आणि छान हसला.