खिडकीतून गेलेली रेषा

“रेषेला अंत नसतो,” म्हणत टेंबुलकर मास्तरांनी फळ्यावरच्या रेषेला दोन्ही टोकांना बाण काढले, आणि रेषा खिडकीतून निघूनच गेली. बाहेर पाण्याच्या टाकीला आठ हात उंचीवर छेदून ती टाकीपासून चार हातांवर, गिरणीच्या दारात जमिनीला टेकली.

सरपंच वर्गात येऊन म्हणाले, “शाळा सुटायच्या आत रेषा परत आणा, नाहीतर बदली घ्या.”

अचूक समीकरण लिहिलं की रेषा परत येते, हे मास्तर जाणून होते. आठ भागिले चार, चढ दोन. त्यांनी ऐटीत समीकरण लिहिलं, तर फळ्यातून दुसरीच रेषा सुटली आणि सरपंचांचा फेटा घेऊन आभाळात गेली.

खिचडी शिजवणारी यमुना दारात आली. “मास्तर, तुमच्या रेषेवर लुगडी वाळत घातली, तर सगळी घसरून गिरणीच्या दारात गोळा झाली. रेषा उतरतेय, आणि तुम्ही चढवताय कुठं?”

मास्तर वरमले. ऋण चिन्ह विसरणाऱ्या पोरांचा अर्धा गुण त्यांनी तीस वर्षं कापला होता. त्यांनी दोनाआधी ऋण चिन्ह घातलं, तसा फेटा खाली पडला आणि रेषा ओल्या लुगड्यांसकट फळ्यावर परतली.

मास्तरांनी घाईनं डस्टर उचललं.

“थांबा,” यमुना म्हणाली, “आधी वाळू द्या.”