बिचारीने ऐकलं

रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणारी माझी नणंद कायम होणार की नाही, ते महिन्याभरात ठरणार होतं. सर्व्हर चालू केला की त्याच्यासोबत मेलची एक सेवा आपोआप उठायची. "कुणी विचारत नाही हिला, फुकट बसून खाते," म्हणत नणंदेने तिचं ते आपोआप उठणं बंद केलं. महिनाभर कुणाचं काही अडलं नाही. साहेब खूश झाले, कायम करण्याचा कागद सहीला काढला.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला, "अहो, कालपासून एकही रिपोर्ट मेलने डॉक्टरांना गेलेला नाही!"

"साहेब, त्या सेवेचा काही संबंध नाही," नणंद काकुळतीला आली. "ती बंद करून महिना झाला. अडायचं असतं तर तेव्हाच नसतं का अडलं?"

साहेबांनी पेन हातातच धरून जुन्या तंत्रज्ञाकडे पाहिलं.


"ताई, चालू होती ती तुम्ही थांबवलीच नव्हती, पुढच्या वेळी उठू नकोस एवढंच सांगितलं होतं. काल महिन्याभरात पहिल्यांदा सर्व्हर बंद करून चालू केला, तेव्हा बिचारीने तुमचं ऐकलं."