बिकानेरचा उन्हाळा

"कुलू घ्या, नाहीतर मुन्नार. मे महिन्यात दोन्हीकडे छान गारवा असतो," एजंट म्हणाला.

दिगंबरराव मान डोलावणार, तोच शेजारी बसलेल्या कुमुदिनीबाई म्हणाल्या, "बिकानेर."

"तिथं आत्ता अंग भाजून निघेल, बाई."

"आमची मुलगी राहते तिथं."

मुलीनं मनाविरुद्ध लग्न केल्यापासून दिगंबरराव दर सुट्टीत थंड हवेचं ठिकाण निवडत. "तिकडची हवा आपल्याला सोसणार नाही," असं म्हणून बायकोला गप्प करत. आज तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बिकानेरचीच तिकिटं काढा," ते हळूच म्हणाले.

भर दुपारी ते उतरले, तेव्हा गरम वारा अंगाला झोंबत होता. लेक फलाटावर उभी होती. ती पाया पडायला वाकली, तोच दिगंबररावांनी तिला जवळ घेतलं.

"बाबा, सावलीत चला," ती म्हणाली.

त्यांनी तिला उन्हातच घट्ट धरून ठेवलं.