कोरी गल्ली

“पुढच्या गल्लीला नळ, मागच्या गल्लीला फिल्टर, आणि आम्हाला नुसता तुमचा कागद? काय घोडं मारलंय आम्ही तुमचं?” शिवणवाली मशीनवरून उठून दारात आडवीच उभी राहिली.

पाहणीवाला हसला. दर पंधरा दिवसांनी येऊन तो असाच हसायचा. “ताई, नळ एका देशाच्या पैशातून आलेत, फिल्टर दुसऱ्याच्या. कशानं पोरं कमी आजारी पडतात ते बघायचंय. मग एक गल्ली काहीच न देता ठेवावी लागते. नाहीतर तुलना कशाशी करणार?”

“मागच्या खेपेला तुमच्या गाडीत चार फिल्टर पडून होते. पाया पडले होते मी.”

“दिला असता तर सगळे आकडे बिघडले असते, माझी नोकरी गेली असती. बरं, ते जाऊ द्या. धाकटीला या पंधरवड्यात जुलाब किती वेळा झाले?”

मशीनच्या सुईखाली वीतभर झगा अर्धवट अडकला होता. शिवणवाली त्याच्याकडेच बघत म्हणाली, “एकदाही नाही.”

“अरे वा!” त्याचा चेहरा खुलला.

“मागच्या खेपेला तुम्ही गेलात ना, त्याच संध्याकाळी ती गेली.”

त्याचं पेन थांबलं. त्यानं फॉर्म उलटसुलट करून बघितला. मेलेल्या पोराचा रकाना कुठंच नव्हता. मग त्यानं जुलाबाच्या रकान्यात एक गोल शून्य काढलं.

“इथं अंगठा द्या, ताई. मला निघायला हवं आता, फिल्टरवाल्या गल्लीत अजून दोन पोरं आजारी आहेत.”