खिशातले गोटे

डोळ्यांच्या दवाखान्यात निघालेले तोकुजी विमानतळावरच्या काट्यावर चढले. जपानच्या टोकाच्या या बेटावरचं विमान इतकं चिमुकलं, की बॅगांबरोबर माणसंही तोलूनच बसवत.

"बावन्न!" खिडकीमागची मिनेको म्हणाली. "मागच्या महिन्यात अठ्ठेचाळीस होतात. आजोबा, खिसे रिकामे करा बघू."

समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे एकेक करून टेबलावर आले.

"लेकीला सांगू नकोस," ते पुटपुटले. "वजन उतरलं तर टोकियोला घेऊन जाणार म्हणते, कायमचं. मग हिच्या फोटोपुढं उदबत्ती कोण लावणार? ही गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही गं."

पुन्हा काटा. सत्तेचाळीस.

फोन वाजला. लेकीचाच, वजन विचारायला दर महिन्याला यायचा. मिनेकोनं गोट्यांकडे पाहिलं, आपला डबा त्यांच्यापुढं सरकवला आणि फोन उचलला.

"बावन्न," ती म्हणाली. "हो, जेवतात की. रोज दुपारी, माझ्याबरोबर."