कोंडलेला जोर

"वहिनी, ही बंदूक कधीपासून अशी ताणून ठेवलीय?" जत्रेतल्या मिस्त्रीने विचारलं.

"दिवाळीपासून," फुग्यांच्या फळीकडे बघत हौसा म्हणाली. त्या संध्याकाळी नवऱ्याने नळी वाकवून स्प्रिंग दाबली, छर्रा भरला, छातीला हात लावला आणि खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून ती गिऱ्हाइकांना दुसरी बंदूक द्यायची. हिच्यात त्याच्या हाताचा जोर कोंडलेला होता.

"असं ठेवून स्प्रिंग मरते, वहिनी. मग छर्रा नेमाच्या खाली पडतो. सोडा एकदाची."

"सोडली की त्यांचं काय उरलं माझ्यापाशी, भाऊजी?"

"न सोडताही उरायचं नाही. रोज थोडा थोडा जोर चाललाय."

हौसाने बंदूक उचलली. गच्च आवळली की ती उडी मारून नेम चुकवते, म्हणून नवरा सांगायचा तशी, पाखरू धरावं इतकी हलकी धरली. लाल फुग्यावर नेम लावला आणि डोळे न मिटता घोडा ओढला.

छर्रा वीतभर खाली फळीला लागून मातीत पडला. फुगा वाऱ्यावर डोलत राहिला.

"नेम बरोबर होता," मिस्त्री हळूच म्हणाला.

"त्याच दिवशी सोडली असती," हौसा म्हणाली, "तर फुटला असता."